मेंढरं तोंड लावत नाहीत

वनस्पतिशास्त्र हा सभ्य माणसांचा विषय आहे अशी माझी समजूत होती, म्हणून मी तो घेतला. प्राणिशास्त्रात बेडूक फाडावे लागत. रसायनशास्त्रात साडीला भोकं पडत. वनस्पतिशास्त्रात काय, पानं मोजायची, पाकळ्या मोजायच्या, घरी जायचं. या विषयात नावासाठी इतकी ओढाताण चालते हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी मराठी घेऊन बी.ए. झाले असते. अर्थात तिथे याहून जास्त चालते असं पुढे कळलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. मोठा दुष्काळ संपून दोन वर्षं झाली होती. एम.एस्सी. होऊन मी सोलापुरातल्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. लागले म्हणजे दर जूनला लागायची आणि दर एप्रिलला सुटायची. आई विचारायची, तुला कायम कधी करणार? मी सांगायची, आमच्या सरांच्या मनात आलं की. आई म्हणायची, मग त्यांच्या मनात काय आहे ते बघ आधी.

सरांच्या मनात काय आहे ते सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. सर आमचे विभागप्रमुख. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. उंच, किडकिडीत, डोक्यावर खाकी हॅट. ती हॅट ते वर्गातही घालायचे, कारण काय तर आमच्या वर्गाच्या पत्र्यातून ऊन खाली यायचं. तीस वर्षं त्यांनी मुलांना शेवाळापासून वडापर्यंत सगळं शिकवलं होतं, पण त्यांना स्वतःला एकच गोष्ट हवी होती. जगातल्या एका तरी झाडाला आपलं नाव लागावं. मोठं झाड नको, गवताची काडी असली तरी चालेल. लॅटिनमध्ये शेवटी आपलं आडनाव हवं, बस्स. मूल नव्हतं त्यांना. पण हे मी त्या वयात लक्षात घेतलं नाही. मी आपली हसायची.

विभागात तिसरे होते मामा. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. मूळचे होटगीकडचे, धनगराघरचे, पन्नाशी ओलांडलेले. चौथीपर्यंत शिकले होते. काम काय, तर काचा पुसायच्या, डाक आणायची, सरांचा चहा आणायचा आणि सगळ्या वनस्पती शोधून आणायच्या. शेवटचं काम त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर नव्हतं. पण सरांच्या कपाटात जे दीड हजार वाळलेले नमुने होते त्यातले चौदाशे तरी मामांनी वाकून उपटलेले होते. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर, संकलक म्हणून, सरांचं नाव होतं.

यात सरांचा फार दोष नाही, ही रीतच आहे. ती रीत साहेबाने पाडली. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणी पलटणीतला डॉक्टर, कुणी जंगलखात्याचा अधिकारी, कुणी पाद्री असे हौशी लोक इकडे येत आणि इथल्या झाडापाल्याच्या मागे लागत. एकाच झुडपाच्या आठ-दहा डहाळ्या घ्यायच्या, कागदात दाबून वाळवायच्या, एक आपल्याकडे ठेवायची आणि बाकीच्या बोटीने विलायतेला, पॅरिसला, कुठे कुठे पाठवायच्या. मग तिकडून तितक्याच डहाळ्या परत यायच्या. दिवाळीत शेजारच्या घरी फराळाचं ताट जातं आणि रिकामं परत येत नाही, तसलाच हा व्यवहार. फरक इतकाच की आपल्याकडे चकली कुणी तळली ते शेजारणीला माहीत असतं. साहेब तंबूत खुर्ची टाकून बसायचा, उन्हात दुसरंच कुणीतरी फिरायचं, आणि चिठ्ठीवर साहेबाचं नाव. उंटावरून शेळ्या हाकण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आमच्या सरांकडे उंट नव्हता. ते सकाळच्या पॅसेंजरने होटगीला जायचे. स्टेशनच्या पुढे माळावर एक बाभूळ होती, तिच्याखाली थर्मास आणि छत्री घेऊन बसायचे. मामा माळभर हिंडून मूठमूठ काहीतरी आणायचे. मी वहीत नोंद करायची. मामांचं स्वतःचं वर्गीकरण होतं आणि ते तीन भागांत आटोपायचं: मेंढरू खातं, शेळी खाते, कुणीच खात नाही. सरांना याचा फार राग यायचा. मला मात्र परीक्षेत हेच का विचारत नाहीत असं वाटायचं.

अशाच एका आश्विनात मामांनी ती वनस्पती आणली. निळीच्या कुळातली, जमिनीला चिकटून पसरलेली, माझ्या तळहाताएवढी. पानं राखाडी, फूल लालसर आणि डाळीच्या दाण्यापेक्षा बारीक. मामांनी ती तिसऱ्या भागात टाकली. म्हणाले, ही मुरुमाच्या जागेलाच येते, पाऊस सरला की फुलते, आणि मेंढरं हिला तोंड लावत नाहीत. सरांनी भिंग लावलं. पाच मिनिटं ते डोळ्यापासून हलवलं नाही. मग त्यांनी हॅट काढली. मी त्यांना बिनहॅटचं पहिल्यांदाच बघत होते, त्यामुळे माझं त्या झाडाकडे नीटसं लक्ष गेलं नाही.

पुढचे तीन महिने सर पुस्तकांत होते. शेवटी सापडलं असं की, अशा वर्णनाची एक वनस्पती शंभर वर्षांपूर्वी एका पलटणीतल्या डॉक्टरसाहेबाने गोळा केली होती. वर्णन अगदी जुळत होतं, पण ठिकाण होतं कोकण. त्यानंतर ती कोकणात कुणालाही सापडली नव्हती. चार पिढ्यांचे वनस्पतिशास्त्रज्ञ भर पावसात जळवा अंगावर घेऊन तिला शोधत होते. एकाने तर ती नामशेष झाल्याचा शोकलेखही लिहिला होता. सरांचं म्हणणं साधं होतं आणि मला ते पटलंही. कोकणच्या धो धो पावसात वाढणारी वनस्पती होटगीच्या मुरुमात कशी येईल? दिसायला जुळ्या असतील, पण जात वेगळी. म्हणजे आपली नवी.

आता अडचण उरली शिष्टाचाराची. या शास्त्रात माणसाने स्वतःचं नाव झाडाला द्यायचं नसतं. ते दुसऱ्याने द्यायचं असतं आणि आपण संकोचायचं असतं. सरांनी मला खोलीत बोलावलं, चहा पाजला आणि तो शोधनिबंध मी लिहावा असं सुचवलं. झाडाला कुणाचं नाव द्यावं हे ते बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले. मी म्हटलं, सर, तुमचंच द्यावं असं मला वाटतं. ते म्हणाले, छे छे, तसं काही नको. आणि लगेच लॅटिनमध्ये ते कसं लिहायचं तो कागद खणातून काढून दिला. वर म्हणाले, तुमच्या कायमपणाचंही बघू या आता. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आम्ही दोघेही सारखेच होतो, म्हणून मी त्यांना नावं ठेवत नाही.

नवी जात म्हणून जाहीर करायची तर जुन्या नमुन्याशी ताडून बघायला हवं. तो नमुना विलायतेतल्या एका जुन्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळलेल्या नमुन्यांच्या संग्रहालयात. सरांनी पत्र घातलं. दीड महिन्याने उत्तर आलं. त्यांच्याकडे त्या डॉक्टरसाहेबाने पाठवलेल्या जादा नमुन्यांचं एक गाठोडं होतं, आल्या वेळी घड्यांवर नावं टाकून बांधलेलं, पुढे शंभर वर्षांत कुणी सोडलेलंच नव्हतं. त्यातला एक नमुना ते आनंदाने देतील, रीतीप्रमाणे अदलाबदलीत. आम्ही सोलापूर भागातले पन्नास पाठवायचे, ते पन्नास पाठवतील.

सोलापूर भागात पन्नास वेगवेगळ्या वनस्पती! मी म्हटलं, सर, आपल्याकडे ज्वारी, बाभूळ आणि धूळ. पण मामांनी तीन आठवड्यांत बासष्ट आणल्या. दाबून वाळवायचा प्रेस आमच्याकडे होता, त्याचे पट्टे तुटलेले. मामांनी गिरणीतला टाकून दिलेला चामडी पट्टा आणून तो आवळला. पुस्तकात लिहिलेलं असायचं की नमुना आठ दिवस वाळवावा आणि रोज कागद बदलावेत. लिहिणारा सोलापूरला आला नसावा. आमच्याकडे सकाळी दाबलेलं पान दुपारी पापड. कागद म्हणजे रद्दीतली वर्तमानपत्रं. मामांच्या वस्तीत जी मिळायची ती: मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. प्रत्येक नमुना वर्तमानपत्राच्या घडीत, घडीत एक सुटी टाइप केलेली चिठ्ठी, असं गाठोडं बांधलं आणि मी आणि मामा पोस्टात गेलो.

खिडकीतल्या बाबूने विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, वाळलेल्या वनस्पती. त्याने वास घेतला. कुठल्या वनस्पती, असं त्याने ज्या आवाजात विचारलं त्यावरून तो काय समजला ते मला कळलं. मी कॉलेजचा शिक्का दाखवला. मग फॉर्मवर किमतीचा रकाना होता. आम्ही रीतीप्रमाणे लिहिलं, व्यापारी किंमत नाही. बाबू म्हणाला, किंमत नाही तर एवढी तिकिटं लावून पाठवता कशाला? मी तिकिटं मोजायला लागले.

पार्सल बोटीने गेलं, बोटीने आलं. मधल्या सात महिन्यांत मी शोधनिबंध लिहून काढला. सरांनी तो इतक्या वेळा सुधारला की त्यांच्या नावाशिवाय माझं त्यात काही उरलं नाही. झाडाचे आणखी बारा नमुने मामांकडून आणवून, वाळवून ठेवले, निबंध छापून आला की जगभर पाठवायला. स्टाफरूममध्ये सर सगळ्यांशी गोड बोलू लागले. गणिताच्या प्राध्यापकांना त्यांनी स्वतःहून पेढ्यांबद्दल विचारलं, कुठले आणावेत म्हणून.

पार्सल आलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तास संपले होते. टेबलावर गाठोडं ठेवलं, सरांनी स्वतः सुतळी कापली. तिकडचे एकोणपन्नास नमुने पांढऱ्या कोऱ्या कागदांत, इतके नेटके की आपले पापड आठवून मला कसंतरीच झालं. पन्नासावी घडी वेगळी होती. निळसर, जाड, जुना कागद, कडा विरलेल्या. शंभर वर्षांपूर्वी ज्या घडीत तो नमुना इथून निघाला, तीच घडी. वरून तिकडच्या कुणीतरी शाईने साहेबाचं नाव आणि कोकण असं लिहिलेलं. सरांनी श्वास रोखून घडी उघडली. आत ती होती. रंग उडालेली, पण तीच ठेवण.

आणि तिच्या मुळाशी, बोटभर रुंदीची, काळपट शाईने लिहिलेली एक चिठ्ठी.

सोबतच्या पत्रात तिचाही उल्लेख होता. गाठोड्यातल्या बऱ्याच घड्यांत असे कागदाचे तुकडे आहेत, त्यांवर वळणदार रेघा आहेत, बहुधा कुणीतरी टाक चालतो की नाही ते बघितलं असावं. सर हसले. म्हणाले, अरे, ही मोडी आहे. मग त्यांचं हसू थांबलं, कारण मोडी त्यांना येत नव्हती. मला तर मुळीच नाही. मामा पलीकडे काचा पुसत होते. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, आणा की हिकडं.

मामांच्या लहानपणी शाळेत मोडी शिकवायचे. नंतर ती बंद झाली, पण मामांची सुटली नाही, कारण गावातले लोक जमिनीच्या वाटण्यांचे, बांधाच्या भांडणाचे जुने कागद त्यांच्याकडेच वाचायला आणत. होटगीपासून दुधनीपर्यंत त्यांचं नाव होतं. मला हे दोन वर्षांत माहीत नव्हतं. सरांना वीस वर्षांत नव्हतं.

मामांनी चिठ्ठी उजेडात धरली आणि आधी मनात वाचली. वाचताना त्यांच्या भुवया एकदम वर गेल्या. मी त्यांच्यासमोरच होते आणि मला सगळं कळलं. काय लिहिलंय ते नाही, पण सरांना ते नको असणार, एवढं नक्की कळलं. सरांची पाठ माझ्याकडे होती. मी मामांना डोळ्यांनी खूण केली. नको म्हणून मान हलवली. इतकंच नाही, ओठावर बोटही ठेवलं. माझा जून, माझा निबंध, सरांचे पेढे, सगळं त्या बोटभर कागदावर लटकलं होतं, आणि मामांनी फक्त म्हणायचं होतं की अक्षर लागत नाही.

सर म्हणाले, "काय ते नीट वाचा, मामा."

"हाय तसं वाचतो, सर," मामा म्हणाले. आणि वाचलं: "शोलापुरापुढे होटगीचे माळावर मुरुमाचे जागी मिळाले. पाऊस सरल्यावर फूल येते. मेंढरे तोंड लावीत नाहीत. येका धनगराने दाखविले. नाव पुसले, सांगितले नाही."

मामांनी चिठ्ठी परत घडीवर ठेवली. बाहेर मैदानावर पोरं व्हॉलीबॉल खेळत होती तेवढाच आवाज.

पुढचं समजायला शास्त्रज्ञ असण्याची गरज नव्हती. डॉक्टरसाहेबाच्या कुणा कारकुनाने ठिकाण नीट लिहून दिलं होतं. गाठोडं विलायतेला पोचलं तेव्हा ते बाकीच्या कोकणातल्या गाठोड्यांबरोबर पोचलं असेल. तिकडे मोडी कुणाला वाचता येणार? त्यांनी सरसकट कोकण लिहून टाकलं. आणि चार पिढ्यांनी जळवांना रक्त पाजलं. वनस्पती नामशेष झाली नव्हती. होटगी स्टेशनच्या पुढे बाभळीखालून दिसेल एवढ्या अंतरावर ती आरामात होती. पण ती नवी नव्हती. तिला शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळालेलं होतं, साहेबाचं.

सर संध्याकाळपर्यंत भिंग लावून बसले. जुना नमुना आणि आमचा नमुना, शेंगेवरचा केस न् केस त्यांनी ताडला. एकच होती. हट्टाने तो नमुना मागवला होता सरांनीच, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सहा वाजता त्यांनी माझा निबंध माझ्या हातात दिला, हॅट घातली आणि गेले. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा हसले नाही. वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर आधी स्वतःचंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी मामांना गाठलं आणि फडाफडा बोलले. अक्षर लागत नाही म्हणायला काय जात होतं? सरांचं एवढं एकच मागणं होतं, तेही तुमच्याच्याने बघवलं नाही? मामांनी ऐकून घेतलं. मग सांगितलं की गावात कागद वाचायला बसलं की दोन्हीकडचे भाऊ समोर बसलेले असतात, आणि दोघंही डोळ्यांनी खुणा करत असतात. एका बाजूला बघितलं की संपलं.

"वाचणाऱ्यानं आपल्या पदरचं घालायचं न्हाय आन् त्यातलं ठिवायचं बी न्हाय," ते म्हणाले. "मला का गोड वाटलं व्हय, बाई?"

मी निबंध उचलला आणि खणात टाकला.

राहिले होते ते वाळवलेले बारा नमुने. आठवड्याने मी सरांना विचारलं, यांचं काय करायचं? तिकडच्या लोकांना आपण पाठवायचं कबूल केलंय. ते म्हणाले, पाठवून टाका, पण माझं नाव त्यावर घालू नका. दुसऱ्याच्या वनस्पतीवर माझं नाव नको. मी म्हटलं, सर, चिठ्ठीवर संकलकाचा रकाना कोरा ठेवता येत नाही. सर चिडले. चिडले की ते इंग्रजीत बोलत, पण हे मराठीत बोलले. म्हणाले, गोळा कुणी केलं? मामांनी ना? मग टाका त्यांचं. केराची टोपली कुठे ठेवू असं विचारल्यावर माणूस कोपरा दाखवतो, तसं ते म्हणाले. त्यात मोठेपणा वगैरे काही नव्हता, निव्वळ राग होता.

मी टाइपरायटरवर बारा वेळा मामांचं पूर्ण नाव टाइप केलं. मोडी चिठ्ठीचं इंग्रजी भाषांतरही जोडलं, आणि खाली लिहिलं, वाचन, पुन्हा मामांचं नाव. ते वाचन सरांना नकोसं होतं, पण खरं होतं. मामांना दाखवलं तर ते खूश होतील असं मला वाटलेलं. ते घाबरले. इंग्रजी कागदावर आपलं नाव बारा ठिकाणी! म्हणाले, उद्या काय वाकडं निघालं तर मलाच धरतील की. त्या शंभर वर्षांपूर्वीच्या धनगराने नाव का सांगितलं नसेल ते मला तेव्हा कळलं. मी त्यांची समजूत घातली आणि गाठोडं पोस्टात टाकलं. बाबूने यावेळी वास घेतला नाही.

त्यानंतर वर्षभर सर त्या वनस्पतीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. होटगीला जाणंही थांबलं. वर्गात शिकवायचे ते शिकवायचे, पण निळीचं कुळ आलं की पानं उलटून पुढे जायचे. मुलांना वाटायचं, परीक्षेला नाही. मला जूनमध्ये कायम केलं, ते सरांमुळे नव्हे, दुसऱ्या एका बाई लग्न होऊन कोल्हापूरला गेल्या म्हणून. गणिताचे प्राध्यापक एकदा पेढ्यांबद्दल विचारून बसले, तेव्हा सर उठून बाहेर गेले. मामा त्यांना रोज चहा द्यायचे. दोघांत बोलणं चहापुरतं.

सरांच्या निवृत्तीला आठ दिवस उरले असताना ते पत्र आलं. डाक मामाच आणायचे. नेहमीप्रमाणे त्यांनी सगळी डाक सरांच्या टेबलावर ठेवली. मी कपाटात नमुने लावत होते. सरांनी वरचं पाकीट उचललं, उघडायला घेतलं आणि थांबले. पत्ता पुन्हा वाचला. मग मामांकडे बघितलं.

"मामा, हे तुमचं आहे."

मामांना वाटलं काहीतरी चूक झाली. त्यांना आयुष्यात डाकेने आलं ते गावाकडचं कार्ड, तेही कुणी गेल्याचं. ते म्हणाले, तुमीच वाचा. सर म्हणाले, बसा. मामा उभेच राहिले, त्या खोलीत ते कधी बसले नव्हते.

मी सरांच्या मागून पत्र बघू शकत होते. सुरुवातीलाच टाइप केलं होतं, डॉक्टर, आणि पुढे मामांचं आडनाव. तिकडे एवढी सोय आहे, ज्याचं नाव चिठ्ठीवर असतं तो डॉक्टरच असणार. सरांचा अंगठा त्या शब्दावर होता. त्यांनी तो गाळला असता तर कुणाला कळलं नसतं. सगळं पत्रच ते दोन वाक्यांत गुंडाळू शकले असते, आभार मानलेत म्हणून. मला मी ओठावर ठेवलेलं बोट आठवलं आणि स्वतःची लाज वाटली.

सरांनी अंगठा काढला आणि मराठी करत करत वाचायला लागले. "प्रिय डॉक्टर." मग मामांचं नाव. मग, तुम्ही पाठवलेले बारा नमुने मिळाले. इतके चांगले, मुळासकट घेतलेले नमुने आमच्याकडे या भागातून आलेले नाहीत. तुमच्या वाचनामुळे शंभर वर्षांची चूक दुरुस्त झाली. कोकण खोडून होटगी लिहिलं आहे, आणि वनस्पती पुन्हा शोधणारा म्हणून तुमचं नाव नोंदवलं आहे. जुन्या गाठोड्यांत अशा रेघांच्या आणखी अडतीस चिठ्ठ्या निघाल्या आहेत. आमच्याकडे त्या कुणालाच वाचता येत नाहीत. त्यांचे फोटो पाठवले तर डॉक्टरांना वाचून देण्याइतका वेळ होईल का? वर्तमानपत्रंही जपून ठेवली आहेत.

वाचताना सरांचा आवाज एकदाच अडकला, पुन्हा शोधणारा या शब्दांवर. ते पाणी प्यायले आणि त्यांनी तो भाग परत, नीट वाचला. ज्या नोंदीसाठी त्यांनी जन्म काढला ती समोर होती आणि ती दुसऱ्याची होती. मी कपाटाचं दार धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुणासाठी आलं ते मला अजून नीट सांगता येणार नाही.

मामांनी सरांच्या हातातल्या पत्राकडे वाकून बघितलं. मग त्यांनी विचारलं, "आसंच लिवलंय, सर?"

"आहे तसं वाचलंय," सर म्हणाले.

मामांनी खांद्यावरचं फडकं काढून खुर्ची पुसली आणि ते सरांच्या समोर बसले. म्हणाले, "मग आजून येकदा वाचा की."

सरांनी चष्मा पुसला, पत्र सरळ केलं आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून, डॉक्टरपासून, सुरुवात केली.